जागा द्यायची ती पानाकडे बघून

अगं, मांडणी आली, दिवे आले, म्हणून लगेच एका रविवारात सगळ्या कुंड्या रांगेनं लावून मोकळी होऊ नकोस. जरा बैस माझ्याजवळ. दिव्याखाली आफ्रिकन व्हायोलेट वाढवणं अवघड नाही. पण कुठलं रोप कुठे ठेवायचं, हे पुष्कळ जणी फुलाच्या रंगावरून ठरवतात. जांभळी एका फळीवर, गुलाबी दुसऱ्या, पांढरी सगळ्यांत वर. दिसायला सुरेख दिसतं, आणि थोड्याच दिवसांत त्यातली काही रोपं कळ्या धरेनाशी होतात. फूल चार आठवडे असतं, पान वर्षभर असतं. जागा द्यायची ती पानाकडे बघून.

हे झाड मुळात कुठलं, ते आधी ऐक, म्हणजे पुढचं सगळं आपोआप पटेल. टांझानियातल्या उसांबरा डोंगरांत, दाट झाडीखाली, शेवाळलेल्या ओल्या खडकांच्या कपारींत ते उगवतं. वॉल्टर फॉन सेंट पॉल-इलेअर नावाच्या जर्मन अधिकाऱ्यानं १८९२ च्या सुमारास ते तिथून आपल्या वडिलांकडे जर्मनीत पाठवलं आणि १८९३ मध्ये हेर्मान वेंडलांड यांनी त्याच घराण्याच्या नावावरून त्याला ‘सेंटपॉलिया’ म्हटलं. आता वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला स्ट्रेप्टोकार्पसमध्ये धरतात. खऱ्या व्हायोलेटशी त्याचं काही नातं नाही. त्याच्या कुळातली ऱ्हिंकोग्लॉसम ही नाजूक निळ्या फुलांची वनस्पती मात्र आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात भेटते, तीही ओल्या कातळाच्या सावलीतच. सावलीतलं झाड म्हणजे अंधारातलं झाड नव्हे, हे लक्षात ठेव. त्याला भरपूर पण मऊ उजेड हवा, आणि तो रोज ठरलेला हवा. आपल्या फ्लॅटच्या खिडकीत एक तर कडक ऊन येतं, नाही तर समोरच्या इमारतीची भिंत असते. म्हणून तर दिव्यांची ही सोय.

दिव्यांवर फार पैसे घालू नकोस. जांभळट उजेडाचे खास दिवे मिळतात, पण साध्या पांढऱ्या एलईडी बॅटनखालीही ही झाडं छान फुलतात. शिवाय पांढऱ्या उजेडात पानाचा खरा रंग दिसतो, त्यामुळे काही बिघडलं तर वेळेवर कळतं. चार फुटी फळीला २० वॅटच्या दोन बॅटन लाव, एकमेकींपासून सहा-आठ इंचांवर. पानांपासून दिवा नऊ ते बारा इंच उंच असू दे. रोज बारा तास लावल्यास तर फळीमागे दिवसाला अर्धं युनिटही जळत नाही. टायमर मात्र घेच. दिवा लावणं-बंद करणं आपल्या आठवणीवर सोडलं की झाडाचा दिवस रोज वेगळा होतो. आणि फुलं हवीत म्हणून रात्रभर दिवे चालू ठेवायचा मोह झाला तर आवर. या झाडाला निदान आठ तास अंधार लागतो, त्याशिवाय ते नीट फुलत नाही.

आता खरी गोष्ट. एकाच फळीवर सगळ्या जागा सारख्या नसतात. बॅटनच्या मध्याखाली उजेड सगळ्यांत जास्त, दोन्ही टोकांना बराच कमी, आणि पुढच्या-मागच्या कडांना आणखी वेगळा. मोबाइलवर उजेड मोजायचं अ‍ॅप घे आणि मध्यात, मग टोकाला धरून बघ. त्याचा आकडा काटेकोर नसतो, पण दोन जागांमधला फरक तुला कळेल, आणि तेवढंच हवंय. गडद हिरवी, जाड, मागून तांबूस पानं असतील तर ते रोप मध्यात ठेव, त्याला उजेड जास्त लागतो. फिकट हिरव्या, पातळ पानांचं रोप टोकाकडे सुखी राहतं. नुकतीच खोवलेली पानंही टोकालाच, त्यांना फुलायची घाई नसते. छोट्या जाती, म्हणजे ज्यांचा घेर सहा-आठ इंचांच्या आतच राहतो, त्या मोठ्यांच्या शेजारी ठेवल्यास तर दिव्यापासून फार खाली राहतात. त्यांच्याखाली एक उपडी कुंडी ठेवून उंच कर.

वर-खालच्या फळ्यांतही फरक आहे. गरम हवा वर जाते, खालच्या दिव्याची ऊबही वरच्या फळीला लागते, त्यामुळे सगळ्यांत खालची फळी सगळ्यांत गार. पांढऱ्या किंवा मळकट गुलाबी कडांच्या पानांची रोपं तिथे ठेव. उकाड्यात त्यांच्या कडा हिरव्या होत जातात आणि आपल्याला वाटतं जात बिघडली. जात बिघडलेली नसते, गारवा मिळाला की नव्या पानांवर कडा परत येतात.

जागा बरोबर आहे की नाही हे कसं कळणार? पान सांगतं. पानं ताटलीसारखी आडवी, सपाट पसरली असतील तर हात लावू नकोस. देठ लांबत चाललेत, पानं दिव्याकडे हात वर केल्यागत उभी राहिलीत, तर उजेड कमी पडतोय. उलट पानं कुंडीच्या काठावरून खाली वळून कुंडीला बिलगलीत, मधला गाभा घट्ट आवळलाय, रंग फिकट किंवा राखाडी झालाय, तर उजेड जास्त होतोय. अशा वेळी आधी टायमर एक-दोन तासांनी कमी करून बघ. फरक पडला नाही तरच रोप हलव. आणि हलवलंस की तीन-चार आठवडे त्याला तिथेच राहू दे. रोज जागा बदलणं म्हणजे काळजी घेणं नव्हे, त्यानं रोपाला काहीच कळेनासं होतं. कुंडी मात्र दर आठवड्याला पाव फेरा फिरवत जा, म्हणजे घेर एकाच बाजूला झुकत नाही.

गर्दीबद्दल मला थोडं कडक बोलू दे. पानं एकमेकांना टेकता कामा नयेत. पूर्ण वाढलेल्या रोपाचा घेर दहा-बारा इंच होतो, म्हणजे चार फुटी फळीवर एका ओळीत चारच. आज कुंड्या लहान दिसतात म्हणून आठ मांडल्यास तर सहा महिन्यांनी पानं एकमेकांखाली दबतील, घेर वाकडे होतील आणि मध्ये हवा खेळणार नाही. हवा कोंडली की भुरी येते, पानाफुलांवर पीठ भुरभुरल्यासारखी. खोलीत छोटा पंखा मंद लाव, पण झोत झाडांवर नको. प्रदर्शनातून, नर्सरीतून कितीही आवडीनं रोप आणलंस तरी ते थेट मांडणीवर चढवू नकोस. दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत ठेव. फुलकिडे आणि मुळांतला पिठ्या ढेकूण पहिल्या दिवशी दिसत नाहीत, आणि एका ट्रेमधलं पाणी सगळ्यांना मिळत असेल तर कीड एका कुंडीपुरती राहत नाही. रोज आधी निरोगी झाडांचं कर, या पाहुण्यांचं शेवटी.

पाण्यासाठी वात वापर. अ‍ॅक्रिलिक लोकरीचा धागा कुंडीच्या तळातून ओवून खाली झाकणाच्या डब्यातल्या पाण्यात सोडायचा. सुती नको, तो कुजतो. यासाठी माती हलकी हवी, कोकोपीट आणि परलाइट जवळजवळ निम्मं-निम्मं, नाही तर मुळं सतत चिकट ओलीत राहतात. पावसाळ्यात हवा दमट झाली की दोन-चार दिवस कुंडी पाण्यावरून उचलून ठेवत जा. वरून पाणी घालायचंच झालं तर ते खोलीच्याच तपमानाचं असावं. गार पाण्याचे थेंब पानावर पडले की फिकट डाग उमटतात, आणि ते पुन्हा जात नाहीत.

आपल्याकडची खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये असते. या झाडाला १८ ते २७ अंशांत बरं वाटतं, आणि पुण्यात दुपारी घरातही पारा तीसच्या वर जातो. तेव्हा दिव्यांची वेळच बदल. टायमर पहाटे चार ते दुपारी दोन असा लाव, म्हणजे दुपारच्या कडक उकाड्यात दिव्यांची भर पडत नाही. वरच्या फळीवरची रोपं शक्य तितकी खाली आण. कळ्या दिसल्या तरी खुडून टाक. जीव हळहळतो, मला माहीत आहे, पण त्या उकाड्यात बहुतेक सुकतातच, आणि झाडाची ताकद उगाच जाते. खतही त्या दिवसांत निम्मं कर.

नावाच्या चिठ्ठ्या कुंडीला चिकटव, ट्रेला नको. कुंड्या हलतात, ट्रे तिथेच राहतो. पेन्सिलीनं लिही, बॉलपेनची शाई दिव्याखाली उडते.

तूर्त दोनच फळ्या भर. बाकीच्या रिकाम्या दिसल्या तरी दिसू देत, पाऊस सरला की माझ्याकडून पानं घेऊन जा. तेव्हा ती मधल्या फेरीतली निवड. कडेची म्हातारी असतात आणि गाभ्यातली कोवळी. देठ दीड इंच ठेवून तिरपा काप दे, ओल्या कागदात गुंडाळून डब्यात ने. पाकळ्यांवर चक्रासारखे पट्टे असलेल्या जातीचं पान मात्र मागू नकोस. ते तुझ्याकडे लागेल, फुलेलही, पण पट्टे येणार नाहीत. त्या जातीचं मी मुळाजवळचं पिल्लूच काढून ठेवते तुझ्यासाठी.