यंत्र आणि रोजगार : तंजावरचे उदाहरण

यंत्रामुळे माणसाचे काम जाते की वाढते, हा प्रश्न यंत्रयुगाइतकाच जुना आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रसारामुळे तो आज पुन्हा विचारला जात आहे. सर्व ठिकाणी लागू पडेल असे त्याचे एकच उत्तर नाही. दोन गोष्टी प्रथम तपासून पाहाव्या लागतात. यंत्रामुळे खर्च उतरला म्हणजे त्या वस्तूची किंवा सेवेची मागणी वाढते काय, ही पहिली. आणि वाचलेली मजुरी कोणाच्या पदरात पडते, ही दुसरी. तमिळनाडूतील तंजावर जिल्ह्यात भाताचे शेत आणि बँक यांची उदाहरणे शेजारी शेजारी ठेवली असता या दोन्ही गोष्टींचे महत्त्व ध्यानात येते.

शेतातील यंत्र

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील हा जिल्हा धान्याचे कोठार म्हणून प्रसिद्ध आहे. 1934 साली पूर्ण झालेल्या मेट्टूर धरणाचे पाणी 12 जूनला सोडण्याचा प्रघात आहे. या पाण्यावर कुरुवै हे अल्प मुदतीचे आणि सांबा हे दीर्घ मुदतीचे अशी भाताची पिके घेतली जातात. 1960 च्या सुमारास सघन कृषी जिल्हा कार्यक्रमासाठी निवडलेल्या पहिल्या काही जिल्ह्यांत तंजावरचा समावेश होता. सुधारित बियाणे आणि रासायनिक खते यांमुळे उत्पादन वाढले. तेव्हा वाढीव पिकात आपला वाटा किती, असा प्रश्न भूमिहीन मजुरांनी विचारला. त्यांत दलितांची संख्या मोठी होती.

कापणीची मजुरी त्या काळी भाताच्या मापाने दिली जाई. मजुरांनी हे माप वाढवून मागितले, तर जमीनदारांनी बाहेरगावचे मजूर आणले. या संघर्षातून 25 डिसेंबर 1968 च्या रात्री, त्या वेळी तंजावर जिल्ह्यात असलेल्या कीळवेण्मणी या गावी, 44 दलितांना जाळून मारण्यात आले. मृतांत बहुतांश स्त्रिया आणि मुले होती. 1969 साली शेतमजुरांना न्याय्य वेतन मिळावे यासाठी राज्यात कायदा करण्यात आला.

पुढे या शेतांत कापणी आणि मळणी एकदम करणारी यंत्रे आली. ओल्या जमिनीत रुतू नयेत म्हणून त्यांतील काहींना चाकांऐवजी पट्टे असतात. ती तासाच्या भाड्याने मिळतात. त्यांच्या येण्यामागे शेतकऱ्याची अडचणही होती. तिरुप्पूरसारख्या उद्योगकेंद्रांकडे तरुण मजूर निघून जात होते, आणि कुरुवैचे पीक तयार होते त्याच सुमारास ईशान्य मोसमी पाऊस जवळ आलेला असतो. कापणी चार दिवस लांबली तर उभे पीक आडवे होते. शिवाय दिवसभर वाकून विळा चालविण्याचे कष्ट यंत्राने वाचविले, हेही मान्य केले पाहिजे.

परंतु हिशेबाची दुसरी बाजू पाहू. समजा, एक एकर भात कापून झोडण्यास वीस मजुरांचा एक दिवस लागतो आणि यंत्र तेच काम दीड तासात करते. त्यामुळे शेजारी आणखी एक एकर शेत निर्माण होत नाही. जमीन आणि कावेरीचे पाणी मर्यादित आहे. तांदूळ थोडा स्वस्त झाला म्हणून माणूस दुप्पट भात खात नाही. म्हणून वाचलेले वीस दिवस त्याच शेतात पुन्हा कामी येत नाहीत. जी मजुरी पूर्वी धान्याच्या रूपाने मजुराच्या घरी जात होती, ती आता यंत्रमालकाचे भाडे, इंधन आणि शेतकऱ्याची बचत यांत विभागली जाते. तरुण मजूर शहर गाठू शकतो. घर आणि मुले सोडून जाऊ न शकणाऱ्या स्त्रीला मात्र तो मार्ग बंद असतो.

बँकेतील यंत्र

बँकेत याहून निराळे घडले. भारतात संगणकाला प्रारंभी मोठा विरोध झाला. स्वयंचलनाच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी सरकारने प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल 1972 साली आला. 1983 साली बँक-व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रांच्या वापराविषयी करार झाला. बँकांतील नोकऱ्या एकाएकी नाहीशा झाल्या नाहीत. व्यवहार सुलभ होताच खातेदार वाढले, आणि यंत्र कोणत्या अटींवर यावे हे ठरविताना कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी समोर बसलेले होते. शेतमजुराला यांपैकी एकही गोष्ट लाभली नव्हती.

याच जिल्ह्यातील कुंभकोणम् येथे 1904 साली स्थापन झालेल्या बँकेने, आजच्या सिटी युनियन बँकेने, 2016 साली चेन्नई येथे ‘लक्ष्मी’ नावाचा यंत्रमानव आणला. खात्यातील शिल्लक, व्याजाचे दर अशा प्रश्नांना तो उत्तरे देत असे. आरंभी त्याच्याकडे कुतूहल म्हणून पाहिले गेले. तथापि बोलणे, वाचणे आणि उत्तर देणे ही कामेही यंत्राच्या आटोक्यात येत आहेत, याची ती सूचना होती.

पुढचा प्रश्न

विळ्याची जागा घेणारे यंत्र स्नायूंचे काम करीत होते; जुना संगणक ठरावीक आकडेमोड करीत होता. कृत्रिम बुद्धिमत्ता पत्र लिहिते, भाषांतर करते, संगणकाच्या आज्ञावली रचते. सुशिक्षित तरुणाला पहिली नोकरी मिळते ती बहुधा अशाच कामांत. 2024 साली तंजावर शहरात माहिती तंत्रज्ञान उद्योगांसाठी ‘टायडेल नियो’ ही इमारत सुरू झाली. तेथे नोकरीची आशा धरणाऱ्यांत शेतमजुरांची मुलेही असतील. आईच्या हातून विळा गेला म्हणून मुलाने पदवी घेतली. आता त्याच पदवीच्या कामापाशी यंत्र येऊन उभे राहिले आहे.

म्हणून यंत्राला सरसकट विरोध करणे व्यर्थ आणि सरसकट स्वागत करणे अन्यायाचे ठरेल. जेथे मागणी वाढण्यास वाव आहे तेथे नवे काम निघेल. जेथे तो नाही तेथे वाचलेल्या श्रमाचा मोबदला कसा वाटावयाचा हे समाजाला ठरवावे लागेल. तो प्रशिक्षणाच्या, कमी झालेल्या कामाच्या तासांच्या किंवा सामाजिक सुरक्षेच्या रूपाने देता येतो. मात्र हा निर्णय यंत्र येण्यापूर्वी, आणि ज्यांचे काम जाणार आहे त्यांना विचारून घेतला पाहिजे. वाट्याचा प्रश्न वेळेवर न सोडविल्यास काय घडते, हे तंजावरने एकदा पाहिले आहे.