खोली बदलते आवाज

मुलांनो, ईदच्या आधी घराला रंग देताना खोलीतले सामान बाहेर काढतात. अशा रिकाम्या खोलीत तुम्ही कधी हाक मारली आहे का? आपलाच आवाज मोठा आणि घुमल्यासारखा वाटतो. सामान परत लावले, की तो पुन्हा नेहमीसारखा होतो. गळा तोच, भिंती त्याच. मग बदलले काय?

आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 340 मीटर वेगाने जातो. त्याचा थोडा भाग सरळ आपल्या कानांवर येतो. उरलेला भाग भिंती, छत आणि फरशी यांवर आपटून परत येतो. समोरची भिंत 17 मीटरपेक्षा जास्त दूर असेल, तर परत आलेला आवाज वेगळा ऐकू येतो. तो प्रतिध्वनी. घरातली खोली एवढी मोठी नसते. तेथे परत आलेले आवाज मूळ आवाजात मिसळतात आणि शब्द पुसट होतो.

वेरूळला गेलात, तर दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात जरूर जा. लोक त्याला 'सुतार की झोपडी' म्हणतात. छताला लाकडी फासळ्यांसारख्या फासळ्या आहेत, पण त्या सगळ्या दगडात कोरलेल्या. दगड आवाज फारसा शोषून घेत नाही. म्हणून तेथे संथपणे म्हटलेला स्वर रेंगाळतो आणि फार गोड लागतो. तेथेच कोणी भरभर बोलू लागला, तर मात्र त्याचे बोलणे नीट कळत नाही.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात 1895 साली अशीच अडचण आली. नव्या व्याख्यानगृहात आवाज साधारण साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने जवळच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री आणून तेथे मांडल्या. ऑर्गनची नळी वाजवून आवाज विरायला किती वेळ लागतो, हे तो घड्याळाने मोजी. जितक्या गाद्या जास्त, तितका आवाज लवकर विरे. माणसेही आवाज शोषतात, हेही त्याने मोजून दाखवले.

आता घरचा टेपरेकॉर्डर किंवा स्पीकर घ्या. खाली शहाबादी फरशी, समोर काचेचे कपाट आणि भिंती उघड्या असतील, तर महागडा स्पीकरही कर्कश वाटेल. तो कोपऱ्यात ठेवला, तर ढोलाचा आवाज उगीच फुगतो. फळीवरची स्टीलची भांडी थरथरत असतील, तर ती आधी हलवा. दादींना बातम्या कळत नाहीत, म्हणून आपण आवाज वाढवतो. पण त्याबरोबर घुमणेही वाढते. दादींना कळत नाही ते नाहीच, शेजारी मात्र चिडतात. त्यापेक्षा सतरंजी अंथरा, जाड पडदा लावा. पुस्तकांनी भरलेली फळीही उपयोगी पडते. थर्माकोल लावून काही होत नाही. लोक उगाच पैसे घालवतात. (पडदा, गालिचा, दिवाणखाना हे मराठी शब्द तुमच्या ओळखीचेच आहेत ना?)

गोधडी कोठे टांगावी, हे आरसा सांगतो. तुम्ही नेहमीच्या जागी बसा. धाकट्या भावाला बाजूच्या भिंतीवरून आरसा हळूहळू सरकवायला सांगा. ज्या जागी आरशात स्पीकर दिसेल, तेथूनच त्याचा आवाज उलटून तुमच्याकडे येतो. गोधडी तेथे टांगा.

वर्गाचा विचार मात्र मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आपल्या भाषेत पुसट ऐकू आलेला शब्द आपण अंदाजाने पुरा करतो. मराठी आपण शिकत आहोत. तेथे हा अंदाज लवकर चुकतो. श्रुतलेखनात शेवटच्या बाकावरचा मुलगा 'खरे'ऐवजी 'घरे' लिहितो, तेव्हा दोष नेहमी त्याचाच असतो असे नाही. एकदा करून पाहा. शिक्षकांकडून वीस शब्दांचे श्रुतलेखन घ्या. मग मागच्या भिंतीवर दोन-तीन जुन्या सतरंज्या टांगा आणि तितकेच अवघड दुसरे वीस शब्द घ्या. मागच्या बाकावरच्या चुका दोन्ही वेळा मोजा.