डोळ्यांखाली लाल लिपस्टिक?

प्रश्न : काळी वर्तुळं झाकायला काही जणी आधी लाल लिपस्टिक लावतात. खरंच उपयोग होतो का, मॅडम?

उत्तर : होतो. भारतीय वंशाच्या अमेरिकी यूट्यूबर दीपिका मुत्याला यांच्या २०१५ मधल्या व्हिडिओमुळे ही युक्ती गाजली. मला ती मनापासून आवडते, कारण ती आपल्यासारख्या सावळ्या त्वचेला लागू पडते. वर्तुळांची निळसर छटा नारिंगी-लाल रंगाने दबते. नुसतं फिकट कन्सीलर लावलं तर तिथे राखाडी झाक दिसते. नारिंगीकडे झुकणारी लिपस्टिक अगदी पातळ लावा, बोटाने थोपटा, चोळू नका, वरून कन्सीलर. मात्र लिपस्टिकमधला सुगंध आणि काही रंग डोळ्यांजवळच्या नाजूक त्वचेला मानवत नाहीत. एखाद्या लग्नापुरतं ठीक. रोजच्यासाठी नारिंगी करेक्टरच घ्या.