डोके नसलेला वाणी

पावसाळा लागला की आमच्या घराच्या ओट्यावर वाणी निघतात. काडी लावताच गोल वेटोळे करतात, म्हणून कुठे कुठे त्यांना 'पैसा' म्हणतात. सुटीत घरी गेलो तेव्हा मी वडिलांना सांगितले, की या वाण्याच्या कुळातला एक प्राणी फार पूर्वी आपल्या बाजेपेक्षा लांब होता. वडील शाळेत गेलेले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "मग तो खायचा काय?" मला उत्तर देता आले नाही. कला शाखेचा विद्यार्थी या विषयाकडे वळला तो त्या प्रश्नापायी.

प्राण्याचे नाव आर्थ्रोप्ल्युरा. हे नाव १८५४ चे. युरोप व उत्तर अमेरिकेत त्याचे अश्मीभूत तुकडे मिळत. २०१८ साली इंग्लंडच्या नॉर्थम्बरलंड किनाऱ्यावर कड्यावरून पडलेली शिळा दुभंगली व आत सुमारे ७५ सेंटिमीटरांचा अंगाचा भाग दिसला. तीही बहुधा त्याने टाकलेली कात! तिच्यावरून प्राणी ५५ सेंटिमीटर रुंद, २.६ मीटर लांब व सुमारे ५० किलो वजनाचा असावा, असा अंदाज २०२१ साली प्रसिद्ध झाला.

इतका मोठा कशामुळे? हवेत प्राणवायू जास्त होता म्हणून, असे सर्रास वाचायला मिळते. परंतु ही कात ३२ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची. प्राणवायू शिगेला पोचला तो त्यानंतर. तेव्हा ते कारण एकटे पुरत नाही. संशोधकांनी सकस आहाराकडेही बोट दाखवले. म्हणजे वडिलांचाच प्रश्न!

आहार ठरवायचा तर तोंड हवे, आणि खरी गोम तिथेच होती. पूर्ण डोके कोणालाच सापडले नव्हते. चित्रकार ते अंदाजाने काढत. अखेर फ्रान्समधील मोंसो-ले-मीन येथील दगडगोट्यांत मिळालेली, बोटाएवढीही नसलेली पिल्ले क्ष-किरणांनी तपासली गेली व २०२४ साली, नाव पडल्यावर १७० वर्षांनी, डोके दिसले. अंग वाण्याचे, वळ्यागणिक पायांच्या दोन जोड्या; जबडे मात्र गोमेच्या धाटणीचे आणि डोळे खेकड्यासारखे देठावर. गोमेची विषारी नांगी नाही. म्हणून तो शिकारी नव्हे, कुजका पालापाचोळा खाणारा असावा असे संशोधकांचे मत आहे.

दिवाळीत मी हे वडिलांना सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे वाणीच की! पण पन्नास किलोचा व्हायला पाला किती लागत असेल?"