जुनी ऑक्टाव्हिया आरएस घ्यायची, पण कोणती?

प्रश्न : जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस घ्यायची आहे. 2004 ची, 2017 ची की 2020 ची? – एक वाचक, लालबाग

उत्तर : 2004 च्या गाडीत 1.8 लिटर टर्बो इंजिन, 150 अश्वशक्ती आणि मॅन्युअल गिअर. मजा अस्सल, पण सुटे भाग शोधताना दमछाक होईल. 2017 ची 230 अश्वशक्तीची, 6 गिअरची ऑटोमॅटिक. 2020 ची 245 ची, 7 गिअरची. भारतात फक्त 200 आल्या. तिचं खास डिफरन्शियल वळणावर जास्त पकड देतं. पण आपल्या कोस्टल रोडवरही वेगमर्यादा ताशी 80 च! तेव्हा 15 अश्वशक्तीसाठी जादा पैसे कशाला? 2017 ची बघा. मात्र लालबाग-परळच्या रखडत्या रहदारीत स्वतः चालवून गिअरबॉक्स झटके देतो का ते पाहा, सर्व्हिसच्या नोंदी तपासा, मगच बयाणा द्या.