उद्याची गाय : कालवडीची निवड

बंगळूरच्या उत्तरेस तळ्याकाठी वसलेले हेब्बाळ आता शहरात सामावून गेले आहे. १९५८ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय तेथे आहे, आणि त्यापलीकडे देवनहळ्ळी, दोड्डबळ्ळापूर या तालुक्यांत दुधाच्या जोडधंद्यावर संसार चालविणारी शेतकरी कुटुंबे आहेत. म्हाताऱ्या गाईची जागा कोणत्या कालवडीने घ्यावी, हा त्यांच्यापुढील नेहमीचा प्रश्न होय. कालवड दुधाला येईपर्यंत अडीच-तीन वर्षे लोटतात. तोवर नुसता खर्चच होत असतो.

निवडीचा आरंभ आईपासून करावा. जी गाय भरपूर दूध देते, वेळेवर गाभण राहते आणि जिच्या कासेला वारंवार सूज येत नाही, तिची कालवड आधी निवडावी. कालवडीचे पाय सरळ व सड सारख्या अंतरावर असावेत. गोऱ्ह्याबरोबर जुळी जन्मलेली कालवड बहुधा वांझ निघते. ती पैदाशीसाठी ठेवू नये. निवडलेल्या कालवडीस चार ते आठ महिन्यांच्या वयात सांसर्गिक गर्भपाताची लस टोचून घ्यावी.

पहिले रेतन केव्हा करावे, हे वयापेक्षा वजनावरून ठरवावे. पूर्ण वाढलेल्या गाईच्या वजनाच्या सुमारे ६० टक्के वजन भरल्यावाचून घाई करू नये. संकरित कालवडीत हे वजन साधारणपणे २५० किलोच्या आसपास येते. तराजू नसला तरी अडत नाही. छातीच्या घेराचा इंचांतील वर्ग करावा, त्याला खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे. घेर ६० व लांबी ४६ इंच असेल, तर वजन सुमारे २५१ किलो येते.

माज साधारणपणे दर २१ दिवसांनी येतो. सकाळी माज दिसल्यास सायंकाळी, आणि सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी कृत्रिम रेतन करावे. हळ्ळीकारसारख्या आटोपशीर बांध्याच्या कालवडीस थोराड जातीच्या वळूचे रेत वापरल्यास वासरू अडण्याचा धोका असतो. अशा वेळी वासरू दगावते, कधी कालवडही हाती लागत नाही, आणि तीन वर्षांचे संगोपन एका रात्रीत वाया जाते. म्हणून वळूची निवड पशुवैद्याच्या सल्ल्यानेच करावी, आणि रेतनाची तारीख व वळूचा क्रमांक वहीत टिपून ठेवावा. पुढच्या पिढीची निवड याच नोंदींच्या आधारे करावयाची असते.