आरोग्यपाठ : जबड्याच्या सांध्याचे दुखणे

कान ठणकतो म्हणून कानात गरम तेल सोडले, दाढ दुखते असे वाटून चांगली दाढ काढली, कानशिलावर डाग दिला, तरी दुखणे तसेच राहिले. अशा वेळी दुखणे ना कानाचे असते ना दाढेचे. ते जबड्याच्या सांध्याचे असू शकते. बहुतेकदा ते साध्या उपायांनी बरे होते. मात्र तोंड उघडणे कमी होत असेल तर थांबून चालत नाही. हा फरक प्रत्येक कार्यकर्त्याला, आरोग्यसेविकेला आणि आश्रमशाळेतील शिक्षकाला ओळखता आला पाहिजे.

सांधा कसा चालतो?

दोन्ही कानांच्या छिद्रांपुढे एकेक बोट ठेवा आणि तोंड उघडा-मिटा. बोटाखाली हलते ते खालच्या जबड्याचे टोक. ते कवटीच्या खाचेत बसते आणि दोन्ही हाडांच्या मध्ये एक चिवट चकती गादीसारखे काम करते. तोंड थोडे उघडले की टोक जागीच फिरते. जास्त उघडले की पुढे सरकते. उजवा आणि डावा सांधा एकाच हाडाला जोडलेले असल्याने एक बिघडला की दुसऱ्यावरही ताण येतो.

लक्षणे

- कानापुढे, गालात किंवा कानशिलात दुखणे. घास चावताना ते वाढणे
- सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला वाटणे, डोके दुखणे
- तोंड उघडताना ‘कट्’ असा आवाज येणे
- तोंड एका बाजूला वळत उघडणे किंवा मध्येच अडकणे

नुसता आवाज येत असेल, दुखत नसेल आणि तोंड पूर्ण उघडत असेल, तर उपचाराची गरज नसते. हा त्रास तरुण व मध्यम वयात आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जास्त आढळतो.

कारणे

झोपेत दात खाणे, काळजीने किंवा रागाने दात आवळून धरणे, एकाच बाजूने चावणे, मार लागणे, संधिवात ही नेहमीची कारणे. बऱ्याचदा एकच कारण सापडत नाही. किडलेल्या दाढेमुळे माणूस एका बाजूने चावतो आणि दुसरी बाजू थकते. म्हणून दातांची तपासणीही करून घ्यावी.

घरी काय करावे?

दोन-तीन आठवडे जबड्याला विश्रांती द्या. पेज, आंबील, मऊ खिचडी, शिजवलेली भाजी खा. सुके मांस, भाजलेला मका, ऊस, सुपारी टाळा. कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने दिवसातून दोन-तीन वेळा पंधरा मिनिटे शेका. जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरा. ओठ मिटलेले, पण वरचे-खालचे दात एकमेकांना न टेकलेले, अशी सवय लावा. दुखण्यावरची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या.

एवढ्याने बहुतेकांना उतार पडतो. न पडल्यास दंतवैद्य जबड्याचे व्यायाम शिकवतात किंवा रात्री दातांवर बसवायची पट्टी बनवून देतात. शस्त्रक्रिया फार थोड्यांना लागते.

तीन बोटांची परीक्षा

तर्जनी, मधले बोट आणि अनामिका एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घाला. स्वतःची तीन बोटे मावली तर तोंड पुरेसे उघडते. दोनच मावली किंवा महिन्यागणिक कमी मावू लागली तर दवाखाना गाठा.

वाट पाहू नये अशा चार गोष्टी

१. खर्रा, गुटखा, सुपारी खाणाऱ्याच्या तोंडात तिखटाने आग होते, गालाची आतली बाजू पांढरट व कडक होते आणि तोंड हळूहळू आवळत जाते. हा सांध्याचा नव्हे, तोंडाच्या आतल्या त्वचेचा आजार आहे. त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. खर्रा त्याच दिवशी सोडावा. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी मुलांच्या खिशात पुड्या सापडतात, हे विसरू नये.

२. मूल झाडावरून किंवा ओट्यावरून हनुवटीवर पडले तर हनुवटीची जखम भरते, पण कानापुढचे हाड मोडलेले असू शकते. लक्ष न दिल्यास सांधा कवटीला चिकटतो, तोंड बंद होत जाते आणि खालच्या जबड्याची वाढ खुंटते. अशा मुलाला लगेच डॉक्टरांना दाखवा आणि पुढे काही महिने तीन बोटांची परीक्षा घेत राहा.

३. जखमेनंतर काही दिवसांनी जबडा घट्ट बसला, गिळता येईना, मान ताठली तर तो धनुर्वात असू शकतो. ताबडतोब १०८ ला फोन करा. दहाव्या आणि सोळाव्या वर्षाची धनुर्वाताची लस चुकवू नका.

४. जांभईनंतर तोंड उघडेच राहिले तर सांधा निखळला आहे. चापट मारू नका, जोराने दाबू नका. डॉक्टर तो हाताने जागेवर बसवतात. जितक्या लवकर जाल तितके सोपे.

पहिली तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात करावी. पुढील उपचारांसाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत.

पुढच्या भेटीत आपल्या पाड्यावरील आणि आश्रमशाळेतील प्रत्येक मुलाची तीन बोटांची परीक्षा घ्या. तिला ना औषध लागते ना यंत्र. ज्यांची बोटे मावत नाहीत त्यांची नावे वहीत लिहा आणि त्यांना दवाखान्यात नेईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.